काचेतलं बाळंतपण

पितळी ताटली शाबादी फरशीवर पडली, स्वतःभोवती गरगरली आणि गप्प झाली. तेवढाच आवाज. दुपारचे अडीच-तीन झाले असतील. आत्याबाई, माझ्या सासूबाई, पडवीत पोतं अंथरून लवंडल्या होत्या, लेक निला शाळेत, हे दुकानात, आणि बाहेर भूमच्या उन्हात कावळासुद्धा ओरडत नव्हता. ताटली उचलायला वाकावं म्हटलं तर उजवा हात अडकल्यासारखा झाला. तो मिठाच्या बरणीत होता. कधी घातला ते आठवेना. मग सगळ्यांत शेवटी, दुसऱ्याच कुणाच्या तोंडाची खबर यावी तसं मला कळलं, की जिभेवर मिठाचा खडा विरघळतोय आणि तो गोड लागतोय. साखरेसारखा गोड नव्हे. तहानेल्याला पाणी लागतं तसा. मी थुंकले नाही. तो पूर्ण विरघळेपर्यंत उभी राहिले आणि मगच ताटली उचलली.

सात महिने मी मिठाला असा हात लावला नव्हता. भाजीत घालायचं तेवढं घालायचं, ताटात डावीकडं वाढायचं तेवढं वाढायचं. त्याआधी, दुखण्याची दोन वर्षं मात्र मी मीठ चोरून खाल्लं होतं. लुगड्याच्या ओच्यात खडे बांधून ठेवायचे आणि भांडी घासताना, केर काढताना, निलाची वेणी घालताना एकेक तोंडात टाकायचा, बायका तंबाखू लपवतात तसं. मुंबईहून निघताना बानूबाई डॉक्टरांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं होतं, की पहिली खूण मिठाचीच असेल. मीठ गोड लागायला लागलं, तर मांडीतलं ते थकलंय असं समज आणि लगेच गोळ्या सुरू कर. त्या ‘ते’ म्हणाल्या होत्या. मी मनातल्या मनात ‘तो’ करून घेतलं होतं.

मी लुगड्यावरूनच हात लावून पाहिलं. डाव्या मांडीच्या आतल्या अंगाला चार बोटं लांब व्रण आहे, त्याच्या खाली चिंचोक्याएवढं काहीतरी घट्ट लागतं. दाबलं की किंचित सरकतं, आणि हात काढला की परत जागेवर येतं. ते होतं. काल होतं तेवढंच होतं का, हे सांगता येईना. रोज पाहणारीला आपलं मूल वाढलं का वाळलं, ते कळत नाही.

हे दुखणं सुरू झालं ते रंगापासून. उन्हानं माणूस रापतं, तसलं काळं नव्हे. आधी तळहाताच्या रेषा काळ्या झाल्या. मी राख लावून घासायची, चिंच लावून घासायची. मग हिरड्या, मग कोपरावरचा लहानपणीचा भाजल्याचा डाग. फातिमाबी वर्षानुवर्षं आमच्या घरी बांगड्या भरायला येते. तिनं हात दाबून बांगडी चढवता चढवता तळवा उजेडाकडं वळवला आणि म्हणाली, “लकीरां में काजल कौन भऱ्या मा तुम्हारे?” हसत म्हणाली, पण बांगड्या भरून झाल्यावर हात लवकर सोडला नाही. पुढं रंग सगळ्यांनाच दिसायला लागला, तसं गावात बोलणं झालं. कापडवाल्या मल्लिकार्जुनअप्पाची बायको काळी पडत चालली; काहीतरी ओलांडलं असंल तिनं. मी सकाळी उठायची ती थकलेलीच उठायची. घागर उचलली की डोळ्यांपुढं पिवळं व्हायचं. आत्याबाई सोनारीला जाऊन काळभैरवाचा अंगारा घेऊन आल्या, तो लावला. हे वर्षातून दोनदा माल आणायला मुंबईला जायचे, त्या खेपेला मलाही घेऊन गेले. मुंबई आता आपलीच झालीय, असं गाडीत दोनदा म्हणाले. आपलीच झालेली मुंबई मी पहिल्यांदा हॉस्पिटलच्या पलंगावरून पाहिली. खिडकीत एक चिमणी आणि खाली कुठंतरी सतत पाणी वाहण्याचा आवाज.

बानूबाईंनी मला कागदावर काढून दाखवलं. पाठीत दोन्ही बाजूंना मूत्रपिंडं असतात, त्यांच्या डोक्यावर एकेक टोपी असते. दोन्ही टोप्या मिळून तोळाभरसुद्धा भरत नाहीत. लहानपणी कधीतरी क्षय होऊन गेला असेल, कळलाही नसेल, त्यानं त्या दोन्ही खाऊन टाकल्या. त्या टोप्यांतून जो रस येतो त्यावर माणसाचं उभं राहणं असतं, मीठ अंगात धरून ठेवणं असतं, भीती वाटली तर पळणंसुद्धा असतं. मला हसूच आलं. इतकी वर्षं मी सासरी भित्री म्हणून ओळखली जाते, आणि भीतीचा कारखाना तर कधीचा बंद पडलाय. त्यांनी परदेशातल्या गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी मी उभी राहिले, रंग उजळला, आणि त्याच गोळ्यांवर, बानूबाई नको म्हणत असताना, मला दिवस गेले.

आम्ही लिंगायत; आमच्यात आठव्या महिन्यात स्वामी येतात आणि पोटातल्या बाळाचं इष्टलिंग आईच्या दंडाला बांधतात. माझं माझ्या गळ्यात आहे, ते माझं. दंडावरचं त्याचं. जन्मला की ते त्याच्या पाळण्याला, मोठा झाला की त्याच्या गळ्यात, आणि जन्मभर पूजा करून शेवटी मातीत बसवतात तेव्हा त्याच्याच तळहातावर. चन्नबसप्पा स्वामींनी ते बांधलं तेव्हा बाळ हललं होतं. आत्याबाई म्हणाल्या, “ओळखलं बघ त्यानं.” दुसऱ्या दिवशी आम्ही बाळंतपणासाठी मुंबईला निघालो. कुर्डुवाडीच्या पुढं मला उलट्या सुरू झाल्या. पोटात गोळी ठरेना. हॉस्पिटलच्या पायऱ्या चढल्याचं आठवतं, त्यानंतरचे चार दिवस माझ्याकडं नाहीत. ते कुणाकडं आहेत, असा विचार मी पुष्कळदा केलाय. त्यातल्या शेवटच्या रात्री मुलगा झाला. मेलेला झाला. म्हणजे तसं मला सांगितलं.

सांगायला हे आले. पलंगाच्या कडेला बसले आणि कापडाचा पोत पाहावा तसं चादरीचं टोक बोटांत चोळत राहिले. बानूबाईंनी त्यांना जिन्यात गाठलं होतं. पोटातल्या बाळाच्या त्या टोप्या मोठ्या असतात, जवळजवळ मूत्रपिंडाएवढ्या, जन्मल्यानंतर आक्रसतात. बाळ गेलं आहे, पण त्या टोप्यांमधल्या पेशींना ते अजून कळलेलं नाही. काही तास तरी कळणार नाही. तेवढ्यात त्या काढून काचेत ठेवल्या आणि आईच्याच रक्तातल्या पाण्यावर वाढवल्या, तर त्या आईला ओळखायला शिकतील. मग आईच्या अंगात बसवता येतील. तिकडं परदेशात थोड्या लोकांवर करून पाहिलंय, इथं कुणावरच नाही. लागेल किंवा नाही लागणार. यांनी सही केली होती. मला विचारायला मी जागेवर नव्हते.

मग हे माझ्या दंडाकडं पाहायला लागले. मुंबईत आपल्या लोकांची स्मशानभूमी आहे, तिथं खड्डा तयार होता, बाळाच्या हातात द्यायला त्याचं लिंग पाहिजे होतं. आमच्यात लिंगाशिवाय कुणी मातीत जात नाही. मी दुसऱ्या हातानं दंड झाकला. चार दिवसांनंतरचं माझं पहिलं वाक्य ते. “तो सगळा गेलेला नाही,” मी म्हणाले. यांनी पुन्हा मागितलं नाही. खाली वाट पाहणारी दोन माणसं होती, त्यांना काय सांगितलं कोण जाणे. माझा मुलगा रिकाम्या हातानं मातीत बसला, आणि त्याचं लिंग माझ्या दंडाला राहिलं. आमच्या माणसांत असं कुणी कधी केलं असेल असं वाटत नाही. चूक होती की काय, हे विचारायला गेलं तर दोन्हीकडून उत्तर येतं.

चाळीस दिवस तो वरच्या मजल्यावर होता आणि मी खाली. लोक सव्वा महिन्याचं बाळंतपण करतात, तेवढंच. तिसऱ्या दिवशी मला दूध आलं. नर्सनं पट्टा बांधला, तरी यायचंच. चोळी भिजायची आणि वॉर्डात आंबूस वास सुटायचा. दर सोमवारी आणि गुरुवारी बानूबाई सुई घेऊन यायच्या, माझ्या हातातून रक्त काढायच्या आणि बाटली पदराखाली धरून वर घेऊन जायच्या, ऊब जाऊ नये म्हणून. दूध वाया जायचं आणि रक्त वर जायचं. दोन-तीन आठवड्यांनी माझ्या ध्यानात आलं, की सुई यायच्या आधी थोडा वेळ मला पान्हा फुटतो. तारखा मला माहीत नसायच्या, घड्याळ दिसत नव्हतं. शेजारच्या पलंगावरच्या बाईला मी सांगितलं, तर ती तोंड फिरवून झोपली. बानूबाईंना सांगितलं तर त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. का लिहिलं, ते सांगितलं नाही, आणि नंतर बाटली नेताना त्या पूर्वीपेक्षा सावकाश चालायला लागल्या.

एकदा त्यांनी मला वर नेलं. मीच हट्ट धरला होता. खोलीत चुलीजवळ असावी तशी ऊब होती आणि लोखंडी कपाटातून अगदी बारीक घरघर येत होती. चपट्या काचेच्या कुपीत तळाला थोडं पाणी, फिकट पिवळं, ताकावर येतं तसलं. कुपीवर कागद चिकटवून माझं नाव लिहिलेलं, त्याचं नव्हतंच. आधी काही दिसेना. मग त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावायला सांगितलं. तिथं ते बारीक जीव होते. लांबट, कोनांचे, एकमेकांना टोकं लावून बसलेले, पोटात बारीक तेलाचे थेंब असल्यासारखे. मी श्वास धरून पाहत होते. एक टोक हललं. अगदी थोडं, झोपेत मूल बोट हलवतं तेवढं. मी डोळा काढला, पुन्हा लावला. आता ते शांत होतं. बानूबाई म्हणाल्या, त्या हलतात, पण इतक्या सावकाश की डोळ्याला दिसत नाही. मला दिसलं, असं मी म्हणाले नाही. कपाटाचं दार लावताना त्यांनी आधी आत हात घालून ऊब पाहिली. पाळण्यात हात घालून पाहतात तशी. त्या हाताला बांगडी नव्हती आणि त्यांना मूल नव्हतं, हे मला नंतर नर्सकडून कळलं.

मग त्याला माझ्या मांडीत ठेवलं. तीन आठवडे मांडी सुजलेली, लाल, तापलेली. माझं अंग त्याला हाकलू पाहत होतं. मी रात्रंदिवस अंगाशी बोलत असायची, की अगं तो आपलाच आहे, तूच केलास. हळूहळू सूज उतरली. बानूबाईंनी गोळ्या अर्ध्या केल्या, मग पाव, मग बंद. मी पडले नाही. वजन वाढलं, तळहाताच्या रेषा पुन्हा रेषांच्या रंगाच्या झाल्या. त्या दिवशी बानूबाई माझे हात उलटेसुलटे करून पाहत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, पण चष्मा काढून पुसला. निघताना गोळ्यांची एक भरलेली बाटली दिली आणि मिठाचं सांगितलं. आणखी एक सांगितलं, तेही तेव्हाच. गोळ्या सुरू केल्या की अंगाला त्या पेशींची गरज उरणार नाही. गरज नसली की त्या काम सोडतात, झोपतात, आणि थकलेल्या असल्या तर परत उठत नाहीत; वाळून जातात. म्हणून उगीच घाबरून गोळी घेऊ नकोस. पण खूण दिसली तर थांबूही नकोस. थांबलीस तर तू जाशील, आणि तू गेलीस तर त्याही जातील, एवढा हिशेब तुला कळतो ना, असं त्यांनी विचारलं. मी मान हलवली. हिशेब कळतोच. त्यात मधे एक जागा आहे, तीही कळते: थकलेलं मूल दोन-चार दिवसांत पुन्हा उभं राहिलं तर?

घरी आल्यावर आत्याबाईंनी जे केलं, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. त्यांचं माहेर आळंदकडचं, घाईत असल्या की त्यांच्या तोंडात कन्नड येतं, आणि तान्ह्या बाळाला त्या कूसू म्हणतात. मांडीतल्यालाही त्या पहिल्या दिवसापासून कूसूच म्हणायला लागल्या. कूसू निजला का, कूसूला फार चालवू नको. तेराव्या दिवशी दुपारी त्यांनी पडवीचं दार लावून घेतलं, पाळणा बांधला, आत बारशाचा तेल लावलेला वरवंटा ठेवला आणि मला पाळण्याशेजारी बसवलं. बोलावलं ते फक्त फातिमाबीला. ती कुणाजवळ बोलत नाही. घुगऱ्या केल्या होत्या. फातिमाबी म्हणाली, “अम्मा, तुमचा नातू लई शहाणा. रडं न्हाय, मुतं न्हाय.” आत्याबाई हसल्या, मीही हसले. मग त्या वाकल्या, अगदी खाली, त्यांची पांढरी वेणी माझ्या गुडघ्यावर आली, आणि व्रणाला तोंड लावून त्यांनी कुर्र केलं. बसवराज, असं नाव सांगितलं. निलानंही कुर्र केलं. तिचा श्वास लागून माझ्या मांडीवर काटा आला. काटा सगळ्या मांडीवर आला; फक्त त्या चार बोटांच्या जागेवर आला नाही. ती जागा गुळगुळीत, लक्ष देऊन ऐकत असल्यासारखी. फातिमाबीनं ते पाहिलं आणि घुगऱ्यांची मूठ तोंडाशी नेता नेता थांबवली.

तेव्हापासून सकाळी डाव्या तळहातावर मी दोन पूजा करते. आधी माझी, मग त्याची. विभूती, पाणी, बेलाचं पान. चन्नबसप्पा स्वामी एकदा आले, तेव्हा आत्याबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. स्वामींनी माझ्या दंडावरचं लिंग पाहिलं. मग म्हणाले, जिवंत आहे तोवर ज्याचं त्याच्यापाशी असू द्यावं. नसेल त्या दिवशी मला बोलवा. हे ऐकून आत्याबाईंना बरं वाटलं. मला त्यातलं दुसरं वाक्यच ऐकू येत राहिलं.

आणि आता मीठ. त्या दुपारी मी कुणाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी आरशासमोर हिरडी उलटी करून पाहिली. सुळ्याच्या वर तिळाएवढा डाग होता. हा जुनाच, पूर्ण गेला नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी बाटली आहे, ती हातात घेतली, आतल्या गोळ्या खुळखुळल्या, परत ठेवली. दोन दिवस दे त्याला. मुलाला ताप आला तर आपण दोन दिवस बघतोच की. त्याला रक्त लागेल म्हणून मी दूध प्यायले, कलेजी आमच्यात चालत नाही म्हणून बीट किसून खाल्लं, मांडी उन्हात धरून बसले. मांडीशी बोलले. ऊठ, थोडंसं ऊठ. तू चाळीस दिवस काचेत राहिलास, आईचं तोंड न पाहता राहिलास, आता तर घरात आहेस. कधी कधी वाटायचं की हे मी बोलत नाही, तोच माझ्या तोंडून मागतोय. मीठही त्यालाच हवं होतं, हात त्यानंच बरणीत घातला. सात महिने मी त्याच्या जिवावर उभी होते. तो सकाळी उठवायचा तेव्हा मी उठायची, तो द्यायचा तेवढ्या ताकदीनं घागर उचलायची. कुठल्या मुलानं इतक्या लहानपणी आईला पोसलं असेल? आणि मी पहिल्या खोकल्याला त्याचा गळा दाबू? हे असलं मनात यायचं आणि त्याच वेळी निला दप्तर टाकून समोर उभी असायची, वेणीची रिबीन सुटलेली, भाकरी मागत. तिला भाकरी देताना मला तिचं तोंड नीट दिसायचं नाही. पिवळ्या पडद्यामागं असल्यासारखं.

तिसरा दिवस बाजाराचा. गल्लीतून खव्याच्या टोपल्या चालल्या होत्या, एस.टी.चा हॉर्न येत होता. मी रांजणापाशी घागर उचलली आणि नंतर एकदम निला दिसली, उलटी, छताच्या बाजूनं. ती माझ्या तोंडावर पाणी मारत होती. रडत नव्हती. पाणी मारायचं, थांबायचं, बघायचं, पुन्हा मारायचं. नंतर म्हणाली, “आई, तू डोळे उघडे ठेवून झोपली होतीस. मी हाक मारली तर बसवराजानं पण ओ दिली न्हाय.” ती हे तक्रार सांगावी तशा आवाजात म्हणाली. मला उलटी झाली. बोटं मोजली तर ती कुणाची तरी वाटत होती. तळहाताच्या रेषेत अगदी बारीक काळं भरलेलं होतं.

आत्याबाईंनी मला भिंतीला टेकवून बसवलं. त्यांना सगळं एका नजरेत कळलं होतं. मीठ कधीपासून, एवढंच विचारलं. मी तीन बोटं दाखवली. त्या ओरडतील असं वाटलं होतं. नातवासाठी त्यांनी किती उपास केले ते मला माहीत आहे. यांच्या मागं दुसरा मुलगा नाही, आणि डॉक्टरांनी मला पुन्हा दिवस राहू द्यायचे नाहीत असं बजावलंय. घरातला एकुलता एक मुलगा म्हणजे माझ्या मांडीतला चिंचोका. मी डोळे मिटून वाट पाहिली. ट्रंकेची कडी वाजली. त्यांनी बाटली आणली, फुलपात्रात पाणी आणलं, दोन्ही माझ्यापुढं ठेवलं, आणि मग म्हातारी माणसं बसतात तशा एक गुडघा वर घेऊन समोर बसल्या.

“म्या त्याचं नाव ठिवलं,” त्या म्हणाल्या, “तवा म्याच सांगते. घे.”

मी म्हणाले, अजून दोन दिवस बघूया. तो उठेल. पूर्वीही सुजला होता, तेव्हाही वाचला.

“आन् तू न्हाय उठलीस मंग?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “कूसू लई गुणाचं. पर ह्या पोरीनं आज तुजं डोळं उघडं बघितलं. परवा तिला काय सांगू म्या? तुजी आई भावासंगं गेली म्हणू?”

एवढं बोलून त्या उठल्या आणि पाठ करून दारात जाऊन उभ्या राहिल्या. बाजारातलं कुणीतरी रामराम घालून गेलं, त्यांनीही घातला. पदर डोक्यावरून घसरला होता, तो ओढला नाही. यांना दुकानातून बोलावून आणायला फातिमाबी गेली होती. यांनी येताना एस.टी.ची चौकशी केली असेल, बार्शीची गाडी कधी, पुढची कधी. मुंबईपर्यंत पोचायला मला दीड दिवस उभं राहायचं होतं. त्याच्या जिवावर तेवढं उभं राहता येणार नव्हतं. मी मांडीवर हात ठेवला. ती जागा गार होती. बाकीची मांडी गरम आणि तेवढीच जागा गार, काचेसारखी. दाबून पाहिलं. सरकलं, आणि या वेळी परत जागेवर यायला त्याला वेळ लागला. का मलाच तो वेळ लांब वाटला? तो नाराज नव्हता. असा काही निरोप येत नव्हता. वाट पाहत असल्यासारखा होता, नेहमीसारखा, मी काय करते ते.

बाटलीचं बूच निघेना. निलानं दातानं काढून दिलं. दोन गोळ्या तळहातावर घेतल्या, त्याच डाव्या तळहातावर.

“ह्यानं काय होतं?” निलानं विचारलं.

मी तिला खरं सांगायचं ठरवलं. कुणाला तरी खरं सांगायला हवं होतं. म्हटलं, हे घेतलं की मला बरं वाटेल. मग बसवराजाला काम राहणार नाही. मग तो निजेल.

“मंग उठंल कधी?”

“नाही उठणार.”

तिनं माझ्या मांडीकडं पाहिलं, गोळ्यांकडं पाहिलं. मी गोळ्या तोंडात टाकल्या आणि पाणी प्यायले. कडू घशात बराच वेळ राहिलं. दारात आत्याबाईंचे खांदे हलले, एकदाच. पोटात काही झालं नाही, मांडीत काही झालं नाही. बाहेर बाजार तसाच चालू होता. मी निलाला जवळ ओढलं. तिचे केस उन्हाचे गरम होते, रिबीन अजून सुटलेलीच होती, आणि मला तिचं तोंड इतक्या जवळून, इतकं स्वच्छ, तीन दिवसांत पहिल्यांदा दिसलं. ती विचार करत होती. गणित सोडवताना करते तशी कपाळाला आठी घातली होती. मग ती माझ्यापासून थोडी मागं सरकली, माझं तोंड नीट दिसेल एवढीच, आणि म्हणाली,

“आई, मी आत असते आन् बसवराज बाहेर असता, तर तू गोळी घेतली असतीस?”